जुना स्विमिंग टँक दुरुस्त करायचाय? आधी शेजारच्या विहिरीत डोकावा

कर्जत : कर्जत, खालापूर, अलिबाग, मुरुड या तालुक्यांत फार्महाऊस वाढले तसे घरामागच्या अंगणात स्विमिंग टँकही आले. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. त्यानंतर मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "टँक आहे का?" त्यामुळे ज्यांच्याकडे जुना टँक आहे, त्यांना तो बंद ठेवणे परवडत नाही.

पण जमिनीत बांधलेला टँक पंधरा-वीस वर्षांनी थकतो. टाइल्स सुटतात, कडेला गंजाचे डाग येतात, रोज पाणी कमी होते. मग मालक मुंबईहून फोन करतो, "टाइल्स बदलून घ्या." गावातला गवंडी टँक रिकामा करतो, जुन्या टाइल्स फोडतो, नव्या बसवतो. दिसायला टँक नवा होतो. दोन पावसाळ्यांनी मात्र पुन्हा तीच रड, आणि कधी कधी तर तळच वर उचललेला.

याचे कारण साधे आहे. टँकचे दुखणे टाइल्समध्ये नसते, टाइल्सच्या मागे आणि तळाच्या खाली असते. म्हणून टाइल्स हा कामाचा शेवट आहे, सुरुवात नाही. सुरुवात दोन प्रश्नांपासून करावी लागते. आतले पाणी कुठून जातेय? आणि जमिनीखालचे पाणी किती वर आहे?

पाण्याचा हिशेब

तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सरासरी चार फूट खोल टँक धरू. त्यात साधारण ५१ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच माणसांच्या घराला सहा महिने पुरेल.

याच टँकची पातळी गळतीने रोज एक इंच उतरत असेल, तर रोज साधारण १,०६० लिटर पाणी जमिनीत जाते. महिन्याला ३२ हजार लिटर. एप्रिल-मे मध्ये वाड्यापाड्यांवर बाया हंडे घेऊन उभ्या असतात, तेव्हा शेजारच्या बंगल्यात टँकर रिकामा होताना गावाला दिसतो. एक इंच पाण्याची किंमत फक्त बिलात मोजून चालत नाही.

गळती आहे की ऊन पाणी पितंय?

पाणी कमी झाले म्हणजे गळतीच असे नाही. उन्हाळ्यात उघड्या टँकमधून दिवसाला पाच-सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाऊ शकते. वारा असेल तर जास्तही. दोन्हींतला फरक ओळखायला एक बादली पुरते.

बादलीत टँकचेच पाणी भरा आणि ती टँकच्या पायरीवर ठेवा. बादलीतले पाणी आणि बाहेर टँकचे पाणी एकाच पातळीला आणा. बादलीच्या आतून एक आणि बाहेरून एक खूण करा. चोवीस तास कोणी टँकमध्ये उतरायचे नाही, पाणी सोडायचे नाही. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले, तर ती वाफ. टँकचे पाणी जास्त उतरले, तर जेवढा फरक तेवढी गळती.

हीच परीक्षा दोनदा करा. एकदा पंप नेहमीसारखा चालवून, एकदा पंप पूर्ण बंद ठेवून.

पंप चालू असताना जास्त पाणी जात असेल, तर फिल्टरकडून टँककडे परत येणाऱ्या पाइपवर संशय घ्या. पंप बंद असताना जास्त जात असेल, तर टँककडून पंपाकडे जाणारा पाइप तपासा. दोन्ही वेळा सारखेच जात असेल, तर बहुतेक भिंत किंवा तळ गळतोय.

आणखी एक खूण आहे. पाणी उतरत उतरत एका जागी येऊन थांबते का ते बघा. दिव्याच्या खालच्या कडेशी थांबले, तर गळती दिव्याच्या खाचेत. कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या, म्हणजे स्किमरच्या तोंडाशी थांबले, तर स्किमर आणि भिंतीच्या सांध्यात. अशा ठिकाणी पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, सुई काढलेल्या सिरिंजने खाण्याचा लाल रंग हळू सोडा. गळती असेल तर रंगाची रेघ फटीत ओढली जाताना डोळ्यांना दिसते.

हे सगळे टँक भरलेला असतानाच होते. टँक रिकामा केला की हा पुरावा गेला. त्यामुळे "आधी रिकामा करू, मग बघू" असे म्हणणाऱ्याला थांबवा.

रिकामा टँक होडीसारखा तरंगतो

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. याच एका चुकीने चांगला टँक कायमचा जाऊ शकतो.

पावसाळ्यात आपल्या विहिरी काठोकाठ भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे जमिनीखालचे पाणी वर आलेले असते. तेच पाणी टँकच्या तळालाही खालून ढकलत असते. टँक भरलेला असेल तेव्हा आतल्या पाण्याचे वजन त्या ढकलण्याला पुरून उरते. टँक रिकामा केला की वरचे वजन गेले, खालचा जोर तसाच.

हा जोर किती असतो? वरच्याच टँकचा तळ ४५० चौरस फूट आहे. जमिनीतले पाणी तळाच्या एक फूट वर असेल, तर खालून साधारण पावणेतेरा टन जोर लागतो. तीन फूट वर असेल तर ३८ टन. सहा इंची आरसीसीचा असा टँक स्वतः साधारण २८-२९ टन वजनाचा भरतो. म्हणजे जोर वजनापेक्षा जास्त झाला. मग एक तर अख्खा टँक एका बाजूने वर उचलतो, नाहीतर तळ मधोमध फुगून फुटतो. पाइप तुटतात ते वेगळेच. एकदा उचललेला टँक पुन्हा खाली बसत नाही.

म्हणून टँक रिकामा करायच्या आधी शेजारच्या विहिरीत डोकावा. दोरीला दगड बांधून सोडा आणि जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजा. विहीर आणि टँक एकाच सपाटीवर असतील, तर विहिरीचे पाणी टँकच्या सगळ्यात खोल भागापेक्षा निदान तीन-चार फूट खाली हवे. दोन्हींच्या सपाटीत फरक असेल तर गवंड्याच्या लेव्हल पाइपने तो मोजून हिशेबात धरा. जवळ विहीर नसेल तर टँकच्या खोल बाजूला, चार-पाच फूट अंतर सोडून, तळापेक्षा खोल खड्डा घ्या. एक दिवस थांबा. पाणी साचले तर ते किती वर आले ते बघा.

आपल्या जिल्ह्यात साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने सुरक्षित. पण सगळीकडे एकच नियम लागत नाही.

कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो. तिथे भर उन्हाळ्यात खाचरात पाणी असते आणि आसपासच्या जमिनीत ते मुरत असते. अशा गावात मार्च महिना आहे म्हणून बिनधास्त टँक उपसू नका. अलिबाग-मुरुडला खाडीच्या किंवा समुद्राच्या काठी जमिनीतले पाणी भरतीबरोबर वर-खाली होऊ शकते. तिथे मोजमाप अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात करा, ओहोटीला नाही. डोंगराच्या उतारावर टँक असेल आणि वरच्या अंगाला भातखाचर असेल, तर पावसाळ्यात तळाखाली पाणी हमखास येणार.

काही टँकच्या तळाला पाण्याचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतले पाणी टँकमध्ये घेतो. जुन्या टँकमध्ये तो चुन्याने जाम झालेला असू शकतो, किंवा आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी सिमेंटने बुजवलेला असतो. तळाचे काम काढलेच आहे, तर हा व्हॉल्व्ह नवा बसवून घ्या. जोडीला खोल बाजूला जमिनीत एक छिद्रांचा उभा पाइप सोडा, भोवती खडी टाका. पुढे कधीही त्यात काठी घालून खालचे पाणी मोजता येते आणि गरज पडली तर पंपाने उपसताही येते.

उपसलेले पाणी आणि खड्ड्यातली माणसे

टँकचे पाणी क्लोरीनचे असते. ते थेट ओढ्यात सोडले तर मासे मरतात, रोपांवर सोडले तर रोपे करपतात. क्लोरीन टाकणे बंद करून चार-पाच दिवस पाणी उन्हात तसेच राहू द्या. क्लोरीन उडाल्याची खात्री तपासणीच्या किटने करा. मग ते आंबा, नारळ अशा मोठ्या झाडांना थोडे थोडे द्या. मिठावर चालणारा टँक असेल तर ते पाणी झाडांनाही देऊ नका.

पाणी उपसताना डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन टँकमध्ये उतरवू नका. खड्ड्यात धूर साचतो आणि माणूस बेशुद्ध पडल्यावरच कळते. विजेचा पंप लावला तर केबलला जोड नको, आणि पंप पाण्यात चालू असताना कोणीही आत उतरायचे नाही.

टँक घासायला ॲसिड वापरतात. त्याचा वास खाली साचतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. दोन्ही एका दिवशी, एका बादलीत, एका खोलीतसुद्धा नकोत. टाइल्स फोडणाऱ्यांना डोळ्याला चष्मा आणि तोंडाला मास्क द्या. रिकाम्या टँकभोवती पहिल्याच दिवशी बांबूचा कठडा करा. रात्री अंधारात आठ फूट खाली पडणारा माणूस पाण्यात नाही, काँक्रीटवर पडतो.

तडा जिवंत आहे का?

टँक सुकल्यावर हातोडीच्या दांड्याने सगळ्या भिंती आणि तळ ठोकून घ्या. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. टाइल्स आणि प्लास्टर तिथे सुटलेले आहे. गंजाचा तांबूस डाग असेल तिथे आत सळई गंजतेय.

तडे दोन प्रकारचे. प्लास्टरवरचे केसासारखे तडे वरच्या थरापुरते असतात. पण भिंतीतून आरपार जाणारा, एका बाजूला उंच-सखल झालेला तडा म्हणजे टँक हललाय. तो अजून हलतोय का हे बघायला तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने पक्की करतात. काही आठवड्यांत काच फुटली तर तडा जिवंत आहे. अशा वेळी गवंड्याच्या अंदाजावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी टाइल्सच्या खर्चापुढे किरकोळ असते.

तडा थांबलेला असेल तर तो नुसता बाहेरून लिंपून चालत नाही. कापून खाच करायची, धूळ काढायची, आकसत नाही अशा मसाल्याने भरायची. खोल तड्यात दाबाने इपॉक्सी भरतात. गंजलेल्या सळईवरचे सैल काँक्रीट सळईच्या मागून बोट जाईल इतके काढायचे. गंज घासून सळई चकचकीत करायची, गंजरोधक लावायचे आणि मगच पॉलिमरच्या मसाल्याने भरायचे. सळई खूप झिजली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते. नुसत्या गंजावर सिमेंट थापले तर आत गंज फुगत राहतो आणि नवे प्लास्टर ढकलून पाडतो.

टँक आरसीसीचा नसून जांभ्याच्या चिऱ्यांच्या किंवा विटांच्या भिंतीवर प्लास्टर केलेला निघाला, तर हिशेबच बदलतो. अशा भिंतीला आतून जाळीसह नवी आरसीसी भिंत घ्यावी लागू शकते. हेही इंजिनिअरलाच ठरवू द्या.

खोली कमी करायची हीच वेळ

जुने टँक खोल असतात. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट. कधी काळी उडी मारायची फळी होती म्हणून. आता येणाऱ्या पाहुण्यांतल्या बहुतेकांना पोहता येत नाही आणि मुले जास्त असतात. मग आठ फूट खोली कशासाठी?

तीस बाय पंधराचा, तीन ते आठ फूट खोल टँक भरायला साधारण ७० हजार लिटर पाणी लागते. तोच तीन ते साडेचार फूट केला तर ४८ हजार लिटर. दर भरणीला २२ हजार लिटर वाचतात. क्लोरीन कमी लागते आणि मोठा माणूस कुठेही पाय टेकू शकतो.

यासाठी खोल भागात मुरूम थराथराने धुम्मस करून भरतात आणि वर सळईचा नवा स्लॅब टाकतात. त्याआधी जुन्या तळाला भोके पाडायला विसरू नका, नाहीतर दोन तळांमध्ये पाणी कोंडते. नव्या तळाचे सांधे आणि तळातले पाइपही नव्याने घ्यावे लागतात. खर्च वाढतो हे खरे, पण तो एकदाच होतो.

टाइल्सच्या आधी पाइप, वीज आणि जाळी

फरशी लागल्यावर पाइप बदलायचा म्हणजे नवी फरशी फोडायची. म्हणून सगळे पाइप दोन्ही टोके बंद करून दाबावर तपासून घ्या. जुने लोखंडी पाइप असतील तर विचार न करता बदला. फिल्टरमधली वाळू साधारण पाच-सात वर्षांनी बदलतात. त्यात फिल्टरची चाळलेली गारगोटीची वाळूच लागते, नदीची चालत नाही. ५१ हजार लिटरचे पाणी सहा तासांत एकदा फिरवायचे तर पंपाने तासाला साधारण साडेआठ हजार लिटर ओढायला हवे. त्याहून फार मोठा पंप लावला तर बिल वाढते आणि फिल्टर नीट गाळत नाही.

तळातल्या जाळीकडे कोणाचे लक्ष नसते, आणि तीच जीवघेणी ठरते. पंप तिथून पाणी ओढतो. एकच जाळी असेल, किंवा तिचे झाकण तुटले असेल, तर मुलाचे केस किंवा अंग तिथे चिकटून बसते आणि मोठ्या माणसालाही ओढून काढता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये तळाच्या जाळ्यांसाठी कायदा झाला. आपल्याकडे दुरुस्ती करताना एकाऐवजी दोन जाळ्या, निदान तीन फूट अंतराने, एकाच पाइपला जोडून घ्या. झाकण सपाट नको, फुगीर हवे. तोपर्यंत तुटक्या झाकणाचा टँक एक दिवसही वापरू नका.

पाण्यातले दिवे २३० व्होल्टवर असतील तर ते काढा. बारा व्होल्टचे दिवे आणि त्यासाठीचा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा. तो टँकपासून लांब, कोरड्या जागी हवा. पंप आणि दिव्यांच्या लाइनवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. अर्थिंग मोजून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

मग वॉटरप्रूफिंग, आणि परीक्षा

तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे आधी वाटा, म्हणजे गोलाई काढायची. सरळ कोपऱ्यातूनच पाणी वाट काढते. पाइप, दिवा, जाळी यांच्या भोवती वेगळे सील. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. किती वेळ सुकू द्यायचे ते डब्यावर लिहिलेले असते. घाई झाली की इथेच काम फसते.

यानंतर टाइल्स नाही, परीक्षा. टँक भरा आणि सात दिवस ठेवा. पुन्हा तीच बादली पायरीवर. बादली आणि टँक यांच्यात फरक निघाला तर आत्ताच दुरुस्त करा. हे पाणी फेकायचे नाही. घरावरच्या टाकीत, शेततळ्यात, जिथे ठेवता येईल तिथे काढून घ्या आणि शेवटी तेच परत भरा.

टाइल्स पाण्यातल्या कामाच्या, पाणी न शोषणाऱ्या घ्या. चिकटवायला टाइल ॲडेसिव्ह आणि सांध्यांत इपॉक्सी. नुसत्या पांढऱ्या सिमेंटचे सांधे क्लोरीनमध्ये टिकत नाहीत. टँकच्या कडेला आणि पायऱ्यांवर खरखरीत फरशी, पायरीच्या कडेला वेगळा रंग आणि खोलीचे आकडे ठळक लिहा.

कधी काय करायचे

डिसेंबर : टँक भरलेला असताना बादलीची परीक्षा, पंप चालू-बंद करून. तड्यांवर काच.

जानेवारी : विहिरीची पातळी मोजणे. इंजिनिअरला दाखवणे. कामाचे दर एकगठ्ठा न घेता बाबवार लिहून घेणे : फोडणे, तडे, पाइप, वीज, वॉटरप्रूफिंग, टाइल्स.

फेब्रुवारी : विहिरीचे पाणी पुरेसे खाली असेल तरच उपसणे.

मार्च-एप्रिल : काँक्रीट, पाइप, वीज, वॉटरप्रूफिंग, सात दिवसांची परीक्षा, टाइल्स.

मे : इपॉक्सी सुकल्यावर भरणे. मृग लागायच्या आत टँक भरलेला हवा.

एप्रिलअखेर काम अर्धवट असेल आणि पाऊस तोंडावर असेल, तर पावसाळ्यात रिकामा खड्डा ठेवून काम ओढू नका. वॉटरप्रूफिंगपर्यंतचे काम उरकून टँक भरून ठेवा, टाइल्स पुढच्या फेब्रुवारीत. साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून क्लोरीन चालू ठेवा किंवा गप्पी मासे सोडा. दोन्ही एकत्र नाही.

पुढच्या वर्षीच्या पाण्याची सोयही आताच होऊ शकते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला की ५१ हजार लिटर पाणी होते. ते पन्हळीतून, गाळून, साठवणीच्या टाकीत किंवा शेततळ्यात घेतले तर उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ कमी येते.

ठेकेदाराला सगळे पैसे टाइल्स लागल्या त्या दिवशी देऊ नका. समजा, दहा टक्के रक्कम पावसाळा सरेपर्यंत मागे ठेवायची, हे काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून घ्या. टँकची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतले पाणी वर आल्यावर होते.

आणि एक खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, तो स्वतःहून टाका. टँकभोवती चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक. कुंपणाच्या उभ्या पट्ट्यांत लहान मूल शिरणार नाही एवढेच अंतर ठेवा. काठावर लांब बांबू आणि हवेची रिंग टांगून ठेवा. दारू प्यालेल्या पाहुण्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही, हे बुकिंग घेतानाच सांगा. बुडालेल्या मुलाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आरोग्य केंद्रात विचारून घरातल्या निदान दोघांनी हे आधीच शिकून घ्यावे.